केळीच्या गाडीतून गेलेली पानं

मित्रांनो, माझ्यावर खडू चालत नाही, पेन्सिल चालत नाही, आणि ओल्या फडक्याने पुसलं तर माझं लाकूड फुगतं. तरीही मी पाटीच आहे, आणि आता चांगली जुनी झाले आहे. अंध मुलं जिच्यावर ब्रेल लिपी लिहितात, त्यातली मी एक. माझी एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खालीवर सरकणारी एक धातूची पट्टी आहे आणि त्या पट्टीत दोन ओळी बारीक बारीक खिडक्यांच्या आहेत. मध्ये जाड कागद अडकवायचा, लाकडी मुठीचा टोचा हातात धरायचा आणि एकेका खिडकीत एकेक अक्षर टोचत जायचं. लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचं. मग कागद काढून उलटा केला की टिंबं वर येतात आणि बोटं ती डावीकडून उजवीकडे वाचतात. लिहिताना टिंबं माझ्या बाजूने उमटतात. त्यामुळे कुठलंही अक्षर जगात सगळ्यांत आधी मलाच कळतं, आणि याचा मला थोडा गर्व आहे हे कबूल करते.

मी कुठे जन्मले ते नीट आठवत नाही. करवतीचा आवाज आठवतो, रंध्याने तासताना गुदगुल्या झाल्या होत्या तेही आठवतं. मग खूप दिवस एका पेटीत अंधार होता. भुसावळ जंक्शनवर हमालाने ती पेटी दाणकन खाली ठेवली तेव्हा माझी झोप मोडली. तिथून मी धुळ्याला, अंध मुलांच्या वसतिशाळेत आले. मोतीलाल सरांनी मला आठ वर्षांच्या एका मुलीच्या मांडीवर ठेवलं. ती सावद्याहून आली होती आणि तीन दिवस कुणाशी बोललीच नव्हती. तिने माझ्या सगळ्या खिडक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, एवढ्या खिडक्या, आन् दार एकबी नाही?" ती ऋतिका.

त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींना सोडून कधी राहिलो नाही. टोच्याची टक टक सुरू झाली की मला गुंगी यायची. बाराखडी गेली, पाढे गेले, घरी पाठवायची पत्रं गेली. ती पत्रं सावद्यात कुणालाच वाचता येत नसत, म्हणून सर त्यांच्याखाली शाईने मराठी लिहून द्यायचे. पुढे ऋतिका जळगावला कॉलेजात गेली, पिंप्राळ्यात एका खोलीत मैत्रिणींबरोबर राहिली, समाजशास्त्रात एम.ए. झाली. आणि तिथेच माझ्या सुखाला दृष्ट लागली. बोलणारा मोबाइल आला.

तो सगळं वाचून दाखवायचा, सांगेल ते लिहून घ्यायचा. मी खाटेखाली, जुन्या चपलांच्या शेजारी गेले. रुसले होते मी, खोटं कशाला बोलू. त्या मोबाइलला दिवसातून दोनदा चार्जिंगला लावावं लागायचं. मला जन्मात कुणी चार्ज केलेलं नाही. खाटेखाली पडून मी स्वप्नं बघायचे. स्वप्नात माझ्या प्रत्येक खिडकीत केळीचं एकेक पान हलत असायचं. सावद्याहून आलेल्या मुलीच्या मांडीवर वाढलेल्या पाटीला दुसरं काय दिसणार?

मग ऋतिकाने संशोधनाला हात घातला. तिचे वडील तोतारामआबा केळीची कापणी करणाऱ्या मजुरांचे मुकादम होते. लहानपणी तिने अनेकदा ऐकलं होतं की केळीच्या धंद्यात आंधळ्या माणसाचं काय काम? पण आबा घड तयार आहे की नाही हे बोटांनी सांगतात हेही तिला ठाऊक होतं. कोवळ्या केळाच्या अंगावर उभ्या कडा असतात, त्यांना धारा म्हणतात. केळं भरत आलं की त्या धारा मोडतात आणि ते गोल होतं. हे हाताला कळतं. मग फण्या निवडायचं, धुवायचं, पेटीत भरायचं काम अंध माणसांना का जमू नये? हे काम करणारे हात नेमकं काय जाणतात, हे तिला त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचं होतं.

पहिल्या दिवशी ती मोबाइल घेऊन केळी भरतात त्या शेडमध्ये गेली. मोबाइल पुढे केला की बाया शाळेत तपासणीला साहेब आल्यासारख्या बोलू लागायच्या. "आम्ही केळी व्यवस्थित हाताळतो," असं बेबाबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या. बेबाबाई त्या शेडमधल्या सगळ्यांत जुन्या. दुसऱ्या दिवशी ऋतिकाने खाटेखाली हात घातला आणि मला काढलं. चपलांचा निरोप घ्यायलाही मी थांबले नाही.

शेडमध्ये पाण्याच्या हौदाजवळ ती मला मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने बेबाबाई जवळ आल्या. "काय टोचू राह्यली व पोरी? बेलबुट्टी काढते का?"

"तुमचं बोलणं लिहून घेते, अक्का."

"कागदावर तं काहीच दिसत नाही."

"हात फिरवून बघा."

बेबाबाईंनी हात फिरवला, हसल्या आणि बोलू लागल्या. "डोये काय करतीन? बोटाले समजते. धार मोडेल आसली का फणी आपोआप हातात बसते." टोच्याची टक टक चालू राहिली आणि त्यांना तिची सवय झाली. ऋतिकाची एक पद्धत होती. दिवसाचं लिहून झालं की ती सगळं त्यांना वाचून दाखवायची आणि विचारायची, काही चुकलं का? बाया कान देऊन ऐकायच्या, चुका काढायच्या, कधी भांडायच्याही. "मी आसं नाही म्हनली, ते कुंदाबाई म्हनली." मग ती चूक नव्या कागदावर दुरुस्त व्हायची. तीन वर्षं असं चाललं. केळीच्या बागेतला तो हिरवा गारवा, पाटाच्या पाण्याचा आवाज, पानांवर पानं घासल्याची सळसळ, हे सगळं माझ्या फळीत मुरलं. ते दिवस होते की मी बघितलेलं स्वप्न, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पानं मात्र खरी होती. दोनशे बारा पानं. सावद्याच्या घरात पलंगाखाली ती गठ्ठा बांधून ठेवली होती.

त्याच सुमारास विकसनशील देशांतल्या दिव्यांग संशोधकांसाठी असलेल्या एका फेलोशिपला ऋतिकाने अर्ज केला. दोन वर्षं संशोधनाचा खर्च, मदतनीस, प्रवास, सगळं त्यातून मिळणार होतं. वयाची अट पस्तीसच्या आत आणि ऋतिका चौतीस वर्षांची. पुढच्या वर्षी तिचा अर्ज कुणी घेतलाही नसता. पहिल्या चाळणीत तिचं नाव आलं. पुढच्या सोमवारी मोबाइलवर व्हिडिओ मुलाखत होती आणि त्या वेळी मूळ टिपणं जवळ असावीत, असं पत्रात होतं. ऋतिका पिंप्राळ्याहून मला घेऊन मंगळवारी घरी आली. आल्या आल्या तिने पलंगाखाली हात घातला. मग दुसरा हात घातला. मग ती पालथी झोपून आत शिरली.

"आई, माझे कागद कुठंयत?"

लताबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थांबल्या. तोतारामआबा अंगणात हातपाय धूत होते. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मित्रांनो, झालं होतं ते असं. आदल्या दिवशी शेडमध्ये फण्यांमध्ये घालायचा फोम संपला. गाडी उभी होती, ड्रायव्हर घाई करत होता. मधे काही घातल्याशिवाय फण्या भरल्या तर त्या एकमेकींवर घासून काळ्या पडतात आणि मग व्यापारी माल मागे पाठवतो. आबा धावत घरी आले. पलंगाखाली जाड, पांढऱ्या कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी वरच्या कागदावरून हात फिरवला, तर बारीक बारीक उंचवटे लागले, गादीसारखे मऊ. दोन फण्यांच्या मधे घालायला यापेक्षा चांगलं काय? बोटांनी घड ओळखणाऱ्या माणसाला आपल्या मुलीची तीन वर्षं ओळखू आली नाहीत. गाडी उत्तरेकडे निघून गेली होती.

"फोम सरला व्हता, बाई," आबा म्हणाले. "शाई नव्हती त्याच्यावर. मले ते कोरेच दिसले."

ऋतिकाने मला मांडीवर ओढलं. ती माझ्यावर हात ठेवून बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. तिच्या आबांचा मला रागही आला, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

ड्रायव्हरला फोन झाला. पेट्या उतरून ठिकठिकाणच्या वखारींत वाटल्या गेल्या होत्या, कागद कुणी बघितलेही नव्हते. शेडच्या कोपऱ्यात नापास करून गाडीत न चढवलेल्या दोन पेट्या होत्या, त्यांत एकोणीस पानं सापडली. त्यांवर केळीचा चीक पडला होता, काही ठिकाणी फण्यांच्या भाराने टिंबं सपाट झाली होती. उरलेल्या पानांचा विचार मी आजही करते. कुठल्या तरी अनोळखी शहरात, पिकत्या केळ्यांच्या उबेत ती झोपली असतील. केळं घेताना कुणाचं तरी बोट बेबाबाईंच्या शब्दांवरून गेलं असेल, आणि त्याला वाटलं असेल, कागदाला काहीतरी झालंय.

बुधवारी सकाळी आबा न जेवता बाहेर पडले. दुपारी त्यांच्याबरोबर शेडमधल्या सात बाया अंगणात येऊन बसल्या. बेबाबाई पुढे होत्या.

"मांडीवर घे ती पाटी," बेबाबाई म्हणाल्या. "तू वाचून दाखवेल सगयं ध्यानात हाये आमच्या. आमचंच तं बोलनं व्हतं."

"अक्का, तीन वर्षांचं बोलणं आहे."

"मंग बस तीन दिवस."

तीन दिवस माझ्या पट्टीला उसंत मिळाली नाही. बाया सांगत होत्या, एकमेकींच्या चुका काढत होत्या. काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. पण काही आता जास्त नीट आल्या. शनिवारी संध्याकाळी मोजली तर नवी चौसष्ट पानं झाली होती. दोनशे बारा कुठे आणि चौसष्ट कुठे!

मुलाखतीत मोबाइलवर तीन आवाज होते, वेगवेगळ्या देशांतले. मी ऋतिकाच्या मांडीवर होते, आबा दाराआड उभे होते. एका बाईंनी टिपणांबद्दल विचारलं. ऋतिकाने काहीही लपवलं नाही. मूळ पानं केळीच्या पेट्यांतून गेली, एकोणीस उरली, बाकीच्यांतली जमली तेवढी लोकांच्या आठवणीतून पुन्हा लिहिली, हे तिने सरळ सांगितलं. मग एका गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या घरातच तुमचं लिखाण कुणाला वाचता येत नाही. मग हे संशोधन नेमकं कुणी वाचायचं?"

ऋतिका म्हणाली, "हा प्रश्न मी स्वतःला आधीच विचारायला हवा होता." एवढंच. मुलाखत संपली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, गेली ही फेलोशिप. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

तिने प्रश्न मराठीत करून सांगितला तेव्हा आबा दाराआडून आत आले. तिच्यासमोर मांडी घालून बसले. "मले शिकव," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा आसं नको व्हाले."

साठीला आलेला माणूस तो. विळ्याने आणि चिकाने त्यांची बोटं इतकी घट्ट झाली होती की केळाची धार कळायची, पण टिंबं वेगवेगळी कळायची नाहीत. आठवडाभर त्यांना एकही अक्षर लागलं नाही. मग ऋतिकाने त्यांची दहाही बोटं एकेक करून कागदावर ठेवून बघितली. डाव्या हाताची अनामिका तेवढी मऊ राहिली होती. त्या एका बोटाने त्यांनी रोज सकाळी कामावर जाण्याआधी एकेक अक्षर धरलं. लताबाई चहा घेऊन उभ्या असायच्या आणि चहा गार व्हायचा. ऋतिका चिडायची नाही. मी मात्र मनात चिडायचे, कारण ते "ल" आणि "ळ" पुन्हा पुन्हा चुकवायचे.

सात आठवड्यांनी एका सकाळी ऋतिकाच्या मोबाइलने तिच्या कानात काहीतरी वाचून दाखवलं. तिने मला घेतलं, कागद अडकवला आणि एकच शब्द टोचला. ब्रेलमध्ये काना-वेलांटीलाही वेगळी खिडकी लागते, म्हणून सहा खिडक्या भरल्या. मला तो कळला, आणि ओरडायला तोंड नाही याचं त्या दिवशी पहिल्यांदा दुःख झालं. तिने कागद काढला, उलटा केला आणि आबांच्या समोर ठेवला.

"आबा, वाचा."

आबांनी अनामिका पहिल्या अक्षरावर ठेवली. लताबाई काही विचारणार होत्या, ऋतिकाने हात वर करून त्यांना थांबवलं. बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. तिसऱ्या अक्षरावर ते फार वेळ थांबलं.

"मि..." आबा म्हणाले. "मिळा..." आणि मग त्यांचं बोट पुढे सरकलं. उरलेली दोन अक्षरं, ल आणि वेलांटी, त्यांनी बोटानेच वाचली: मिळाली. त्यांनी नुसती लताबाईंकडे बघून मान हलवली.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या दोन खिडक्यांच्या कडा झिजल्या आहेत. माझी एवढीच विनंती आहे. घरात कधी कोरा कागद सापडला, तर तो कशाला वापरावा हे ठरवण्याआधी हाक मारून विचारा, हा कुणाचा आहे?