धोतरवाला हरिबा

दोन हजार चारची गोष्ट. यवतच्या स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत मारामारीची एक गेम होती, आणि तिच्यात आपला गडी आपणच बनवून घालता येई. इम्तियाज हा नंबरप्लेटा रंगवणारा पेंटर. त्यानं आठ महिने खपून एक पैलवान काढला. एकेका हालचालीची वेगवेगळी चित्रं, दंडाच्या बेटकुळ्यासुद्धा सावलीसकट! असा गडी तालुक्यात कुणाचा नव्हता, अन् त्याला कुत्रं विचारत नव्हतं.

सगळ्यांना हवा दत्ताचा हरिबा. पाटसच्या कारखान्यात कामाला असलेल्या ह्या दत्ताला सरळ रेघ ओढता येत नव्हती हो! त्याचा हरिबा म्हणजे वाकड्या पोटाचा, एक पाय आखूड असलेला, धोतर सावरत लाथ मारणारा म्हातारा. पण त्यानं लाथ हाणली की अख्खा कॅफे हसून लोळायचा. इम्तियाजच्या अंगाची लाही लाही व्हायची. तो रोज मागं खुर्ची टाकून त्या म्हाताऱ्याकडं बघत बसे आणि मनातल्या मनात शिव्या घाली.

एका दुपारी कॅफेत कुणी नव्हतं. त्यानं हरिबाचं फोल्डर उडवलं, रिसायकल बिनही रिकामं केलं. तेव्हा कुठं त्याचा जीव शांत झाला.

संध्याकाळी दत्ता रडकुंडीला आला. हरिबाची नक्कल ठेवलेली घरची फ्लॉपीही उघडत नव्हती.

"इम्त्या, तुझ्यासारखा हात न्हाई कुणाचा. मला हरिबा परत काढून दे की रं."

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? इम्तियाजनं झकास हरिबा काढला. पोट सुबक, पाय सारखे. कुणी हसलं नाही.

मग तो इरेला पेटला आणि होता तस्सा काढत गेला. लाथेची सात चित्रं. तिसऱ्यात सोगा सुटतो, पाचव्यात डोळे मिटतात. कुठंही अडला नाही. स्वतःच्या पैलवानाची लाथ त्याला अशी आठवली नसती. आठवड्यानं म्हाताऱ्यानं लाथ हाणली, अन् कॅफे पुन्हा लोळला.

"ह्योच! ह्योच माझा हरिबा!" दत्तानं त्याला मिठी मारली. "पर तुझ्या एवढं ध्यानात कसं रं? मलाबी न्हाई."

"रोज बघत हुतो." इम्तियाज बोलून गेला. "जळत हुतो तुझ्यावर, दत्त्या. पुसलाबी मीच."

मिठी सुटली.

"मंग ठिव आता तुलाच," एवढंच म्हणून दत्तानं चपला सरकवल्या आणि तो बाहेर पडला.

"इम्त्या," मागून कुणीतरी ओरडलं, "लाव की अजून एक डाव, तुझ्या हरिबाचा!"