व्हर्नाच्या खणातली पॉलिसी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला कुतूहल वाटत नाही. मला मात्र सगळ्यांचं वाटतं. मी चौदा पानांची एक जुनी विमा पॉलिसी आहे. घरं विकून देणाऱ्या एजंटच्या हातून कामात चूक झाली आणि कुणाचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याचं वचन माझ्यावर छापलेलं आहे.

छापून झाल्यावर मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका छोट्या गावात व्हर्ना टॅकेट या एजंटबाईकडे आले. तिने माझ्या पहिल्या पानाचं कौतुक केलं, सही केली आणि मला ऑफिसातल्या टेबलाच्या खणात शेंगदाण्यांच्या डब्याखाली टाकलं. तिथून मी कान देऊन ऐकायचे. चूक दिसते तरी कशी, याची मला भारी उत्सुकता होती.

मार्चमध्ये ती दिसली. ड्वाइट कॉम्ब्स या निवृत्त बसचालकाने व्हर्नामार्फत घर घेतलं होतं. घर गावाच्या भुयारी गटाराला जोडलेलं आहे, असं तिने जाहिरातीत लिहिलं होतं. विकणारी बाई तिच्याच चर्चमधली. तिचा शब्द नगरपालिकेत जाऊन पडताळणं व्हर्नाला उद्धटपणाचं वाटलं. प्रत्यक्षात अंगणाखाली जुना सेप्टिक टँक होता, आणि तो फुटला. ड्वाइटची सगळी पुंजी त्या घरात गेली होती.

त्याचं पत्र आलं. व्हर्नाने ते माझ्यावर ठेवून खण बंद केला. अकरा दिवस फोन वाजत राहिला. माझा जीव वरखाली होत होता, कारण माझी मुदत शुक्रवारी संपणार होती. त्याआधी कळवलं तरच मी कामाची. हे नवव्या पानावर लिहिलेलं होतं, पण वाचतंय कोण!

गुरुवारी ऑफिसचे मालक ओडेल शेंगदाणे शोधायला आले आणि पत्र त्यांच्या हाती लागलं.

“काय गं, विमा काय लोणचं घालायला काढलास?”

“लाज वाटते हो. अख्खं गाव हसेल.”

“हसू दे! आधी कंपनीला फोन लाव.”

तिने लावला. चौकशी झाली, कंपनीने भरपाई दिली, नवा टँक बसला. मग व्हर्ना ड्वाइटकडे गेली. मी तिच्या पिशवीतच होते.

“मिस्टर कॉम्ब्स, चुकलंच माझं.”

“चुकतं गं माणसाचं. पण त्या वासात मी अकरा दिवस एकटा बसलो होतो. फोन तरी उचलायचास.”

मित्रांनो, मला जपा, वाचा आणि चूक झाली की लगेच सांगा. त्या दिवशी मी माझी चौदाही पानं मनातल्या मनात उलटून पाहिली. टँकची भरपाई होती. त्या अकरा दिवसांची कुठेच नव्हती.