दुसऱ्यांदा परीक्षा

माझी नात नायला मंद आहे, हा शोध शाळेला ती सात वर्षांची असताना लागला. त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात मी बावीस वर्षं चारशे पोरांचं जेवण रांधतेय, आणि पोर वाढलीय माझ्याच मांडीवर. पण मला मेलीला काही तो लागला नव्हता.

कारण काय, तर बाई शिकवत असताना ती मध्येच "बरोब्बर! पुढं सांगा!" म्हणून ओरडते. आता आमच्या काळ्यांच्या चर्चमध्ये पाद्री बोलत असताना जो गप्प बसतो, त्याला डुलकी लागली असं आम्ही समजतो. पोरीला वाटलं, बाई छान शिकवताहेत, दाद द्यावी. बाई गोऱ्या, तरुण, स्वभावानं गोड. त्यांनी गोड बोलूनच तिला मंद मुलांच्या वर्गात धाडलं. तिथं सगळी आमचीच पोरं. अख्ख्या मेकन शहरात मंद पोरं नेमकी काळ्यांच्याच घरी कशी जन्माला येतात, देव जाणे.

मी तिचं नाव शाळेतून काढलं. चर्चच्या तळघरात आणखी सहा पोरं जमवली. सकाळी ओटिसकाका त्यांना वाचायला शिकवत. जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस, पण वाचनाचं भारी वेड. अडीचला माझी सुट्टी झाली की गणित माझं. बारा माणसांच्या मक्याच्या पावाला तीन वाट्या पीठ, तर चारशे माणसांना किती? पोरं उत्तरं ओरडत, आणि चुकलं तर आम्ही त्यांच्यावर ओरडत असू.

वर्षाअखेरीस शाळेत हुशार मुलांच्या खास वर्गासाठी परीक्षा झाली. बाहेरच्या मुलांनाही बसता येत होतं. नायला बसली. शंभरात अठ्ठ्याण्णव.

मुख्याध्यापक व्हिटकॉम्बसाहेबांनी मला पिठाच्या हातांनिशी बोलावून घेतलं. माझ्या लेकाच्या वयाचे आहेत.

"अभिनंदन हं, व्हर्लीन! फक्त तिला परत एकदा परीक्षा द्यावी लागेल."

"का बरं, साहेब?"

"तसं काही नाही गं. मार्क जरा जास्तच पडलेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नाही म्हटलं असतं तर पोर कायमची कॉपीबहाद्दर ठरली असती. म्हटलं, घ्या.

भल्यामोठ्या वर्गात ती एकटी. पुढं एक शिक्षिका, मागं एक. कॉपी करणार तरी कुणाची, भिंतीची? मी बाहेर उभी राहून देवाचा धावा करत होते. त्या दिवशी चारशे पोरांनी करपलेली घेवड्याची भाजी खाल्ली.

शंभरपैकी शंभर.

साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "सोमवारपासून यायचं हं, नायला. त्या वर्गात सगळी तुझ्यासारखीच हुशार मुलं आहेत."

"त्यांनीपण दोनदा परीक्षा दिली?"

"छे गं, त्यांची एकदाच."

"मग ती हुशार आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

साहेब माझ्याकडे बघू लागले, जणू प्रश्न मीच पढवून आणला होता. प्रश्न त्यांना विचारला होता, मी कशाला मध्ये तोंड घालू?

सोमवारी नायला तळघरातच गेली.