चांदमारीची माती

शिवडीच्या चांदमारीचं काम दुसऱ्यांदा आलं तेव्हा लोअर परळच्या कचेरीत मालक निलेशने ते रूथ परेरासमोर जरा बिचकतच ठेवलं. जुनी कटकट आहे, नको असेल तर दुसऱ्या कुणाला देतो, असं तो म्हणाला. रूथने कागद त्याच्या हातातून काढून घेतले.

"दुसऱ्या कुणाला दिलंस तर राजीनामा देईन," ती म्हणाली.

निलेश हसला. ती हसत नाही हे पाहून तोही थांबला.

चांदमारी म्हणजे गोदामांच्या मागे, खाडीकडेला असलेलं सैनिकांच्या नेमबाजीच्या सरावाचं मैदान. एका टोकाला गोळ्या झाडायची जागा, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध. निशाणाला लागलेली असो की चुकलेली, प्रत्येक गोळी शेवटी त्या बांधात जाऊन रुतायची. गोळी म्हणजे शिसं, आणि शिसं मातीतून आपलं आपण कुठे जात नाही. सराव बंद झाल्यावर जागा एका शाळेला द्यायची ठरली, तेव्हा मातीच्या तपासणीचं काम दौलत परुळेकरांच्या कंपनीला मिळालं होतं. रूथ त्या वेळी परुळेकरांच्या हाताखाली होती. नवी, हुशार, सरांच्या शब्दाबाहेर नसलेली.

बांधातल्या मातीत तिला शिसं सापडलं होतं, तेही भरपूर. परुळेकरांनी बांधाची माती आणि उरलेल्या मोकळ्या मैदानाची माती एकत्र कालवून एकच नमुना करायला लावला. सरासरी मर्यादेच्या आत आली. मैदान निर्धोक, असा अहवाल गेला. पण प्रयोगशाळेच्या कागदांत तिचा पहिला, न कालवलेला आकडा चुकून राहिला होता, आणि भर बैठकीत कुणीतरी त्याबद्दल विचारलं. परुळेकर शांतपणे म्हणाले होते, "मुलगी नवी आहे. एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जाताना गिरमिट धुतलं नाही तिने."

माती काढायचं गिरमिट धुणं हा या धंद्यातला पहिला धडा, नाहीतर एका खड्ड्याची माती दुसऱ्याच्या नमुन्यात जाते. तो जिला जमत नाही तिला कोण ठेवणार? रूथ तिथे खाली मान घालून बसून राहिली. नोकरी गेली, आणि पुढे जिथे अर्ज करावा तिथे कुणीतरी हळूच विचारायचं, गिरमिटवाली परेरा ती हीच का? काही वर्षं तिने खोताच्या वाडीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. त्या काळात रोज भांडी घासताना परुळेकरांना काय बोलायचं याची ती तालीम करायची. निलेशने कामावर घेतलं तेव्हा ती तालीम चोख पाठ झाली होती.

मधल्या काळात शाळेचा व्यवहार रखडला. आता बांधकामाची वेळ आली, म्हणून नव्याने तपासणी मागवली होती. सोमवारी सगळ्यांसमोर बैठक होती, आणि परुळेकरांना जुना अहवाल घेऊन बोलावलं होतं. रूथला एवढंच हवं होतं. त्याच माणसांच्या तोंडासमोर, तशाच शांत आवाजात, त्यांना उघडं पाडायचं.

ती मैदानावर गेली आणि बघते तर बांधच नाही. जिथे दुमजली घराएवढा ढिगारा होता तिथे सपाट जमीन आणि टाकळा माजलेला. लवू म्हणून एक म्हातारा राखणदार होता, तो तिला खुर्ची देऊन गप्पा मारत बसला. बांध ठेकेदाराने काढला, असं त्याने सांगितलं. अहवालात माती चांगली म्हटल्यावर अडवणार कोण? भंगारात शिशाला भाव, म्हणून त्याने सगळा बांध बारीक जाळीने चाळून घेतला, गोळ्या काढून नेल्या आणि माती बागवाल्यांना विकली.

"असली माती मुंबईत खंय गावतली, बाय?" लवू म्हणाला. "पिठासारखी. खडो म्हणान नाय. तुमच्या त्या परुळेकर सायबांनी सोताची गाडी आणल्यानी. आठ-धा गोणी नेल्यानी."

रूथने ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. ऐकायला गोड लागत होतं म्हणून.

चाळणीवर गोळी राहते. पण बांधात घुसताना ती फुटते, घासते, वर्षानुवर्षं झिजते. तिची भुकटी मातीबरोबर जाळीतून खाली पडते. माती जितकी बारीक चाळावी तितकी दिसायला सुरेख आणि आतून वाईट. हे परुळेकरांना कळत नव्हतं असं नाही. पण स्वतःचाच अहवाल इतक्या वेळा वाचून दाखवला होता त्यांनी, की त्यावर त्यांचा विश्वास बसला असावा.

रूथने बांधाच्या जागेची माती खड्ड्याखड्ड्यातून वेगळी काढली. कुठलीही कशात मिसळली नाही. हातात धरायचं तपासणीचं यंत्र असतं, केस सुकवायच्या ड्रायरएवढं. मातीला टेकवून घोडा दाबला की कुठला धातू किती ते पडद्यावर दिसतं. यंत्र चार आकडी संख्या दाखवत होतं. घरादाराच्या मातीत तीन आकडी झाली तरी काळजी करायची असते.

दोन दिवसांनी परुळेकरांचा फोन आला. आवाजात तेच तूप. तू पुन्हा या कामात आलीस हे ऐकून बरं वाटलं, झालं गेलं विसरून जाऊ, दादरला घरी चहाला ये. रूथ थेट शिवडीहून गेली. यंत्र खांद्यावरच्या पिशवीत होतं.

परुळेकर राहत होते सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि गच्ची त्यांचीच होती. गच्चीवर भाजीचे वाफे, कुंड्या, मांडव. सून अनुजा लाल माठ खुडत होती. एका उथळ वाफ्यात तिची तीन वर्षांची मुलगी, आकांक्षा, फतकल मारून बसली होती. ती मातीचे लाडू वळत होती आणि मधूनच बोटं चाटत होती.

परुळेकरांनी मुद्द्याला यायला वेळ लावला नाही. पद्धत तीच ठेव, ते म्हणाले. बांधाची जागा वेगळी दाखवलीस तर शाळेचं काम पुन्हा अडेल, पोरांचं नुकसान. तू शहाणी आहेस. मग बोलता बोलता त्यांनी वाफ्यातली मूठभर माती उचलून तिच्यासमोर धरली.

"बघ, खडा सापडायचा नाही. कुठली असेल सांग?"

"तुम्हीच सांगा, सर."

"चांदमारीची! लोक म्हणतात कन्सल्टंट खोटे अहवाल लिहितात. अगं, माझ्या अहवालावर मी माझ्या घरची भाजी पिकवतोय."

रूथला वाटलं, हे वाक्य सोमवारी सगळ्यांसमोर यायला हवं होतं. तिला फक्त चहा पिऊन निघायचं होतं. बैठकीत त्यांना हेच पुन्हा बोलायला लावायचं आणि मग आकडा समोर ठेवायचा. माणूस जागच्या जागी संपला असता. इतकी वर्षं तिने मागितलं होतं त्याहून जास्तच पदरात पडत होतं. अट एकच, सोमवारपर्यंत गप्प राहायचं.

आकांक्षाने एक लाडू तिच्यापुढे केला. "खा," ती म्हणाली, आणि रूथ खात नाही हे पाहून स्वतःच त्याचा चावा घेतला.

रूथने मनातल्या मनात शिवी हासडली, आणि ती कुणाला हे तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने पिशवीतून यंत्र काढलं. अनुजाला म्हणाली, मुलीला उचला आणि लांब उभ्या राहा. यंत्राची मूठ तिने परुळेकरांच्या हातात दिली.

"तुम्हीच दाबा, सर. उगाच माझं काही धुवायचं राहिलं असेल तर."

सुनेसमोर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी यंत्र मातीला टेकवलं. पडद्यावर चार आकडी संख्या आली.

"माती ओली आहे," ते म्हणाले.

"ओल्या मातीत आकडा कमी येतो. हे तुम्हीच शिकवलंत."

"काय आहे त्यात?" अनुजाने विचारलं.

परुळेकरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते रूथशीच बोलत राहिले, भराभर, धंद्याच्या भाषेत. "एका वाफ्यावरून काही ठरत नाही. बाकीच्या कुंड्यांत साधी माती आहे. त्या सगळ्या धर. सरासरी काढ ना, सरासरी काढ."

रूथने नुसतं अनुजाकडे पाहिलं.

"बाबा," अनुजा म्हणाली, "ती रोज ह्याच वाफ्यात बसते."

आकांक्षा आईच्या कडेवरून मातीकडे झेपावत होती, आणि अनुजा पदराने तिचं तोंड आतून बाहेरून पुसत होती, जोरात, ती रडायला लागली तरी. मातीत काय आहे ते रूथने तिला दोन वाक्यांत सांगितलं. शिसं. लहान मुलांच्या रक्तात जातं, डोक्यावर परिणाम करतं. किती गेलंय ते रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. हे सांगताना ती अनुजाकडे नाही, परुळेकरांकडे बघत होती. एकेक शब्द लागतोय ना, ते बघत होती. लागत होता.

"गिरमिट मी धुतलं होतं, सर," ती म्हणाली.

"हो," परुळेकर म्हणाले. "धुतलं होतंस."

एवढं ऐकायला ती वर्षानुवर्षं थांबली होती. ते भाजीच्या पाटीशेजारी, तीन माणसांत, कुजबुजत आलं. तिला ते पुरलं नाही. सोमवारी बैठकीला या, मी सगळं मांडणार आहे, ह्या गच्चीसकट, असं तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना बैठकीचं काही उरलं नव्हतं. ते नातीकडे बघत होते.

अनुजाने विचारलं, रक्त कुठे तपासतात? परळच्या इस्पितळात होईल, आत्ता निघालात तर आजच होईल, रूथ म्हणाली, मी बरोबर येते. अनुजा चपला शोधायला लागली. परुळेकर लगबगीने उठले, गाडीची किल्ली घेतली आणि नातीला घ्यायला हात पुढे केले. त्यांची बोटं अजून मातीने लाल होती.

"तुम्ही नको," अनुजा म्हणाली. तिने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रूथच्या पुढून जिना उतरायला लागली.