कसाईबाईने सोडलेलं सावज

आमच्या जावईबापूंचं मुंडकं मी पहिल्यांदा उडवलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की उठून चहा केला आणि वर परत अर्धा कप घेतला.

मुंडकं खेळातलं, नाहीतर लगेच पोलिसांना फोन लावाल. खेळ साधा आहे. पडकं हॉस्पिटल, मिट्ट काळोख, चार सावजं आणि एक शिकारी, सगळे आपापल्या घरी बसून खेळणारे. सावजांनी प्रत्येक मजल्यावरचा दिवा लावला की फाटक उघडतं आणि ती सुटतात. त्याच्या आत शिकाऱ्याने त्यांना कुऱ्हाडीने तोडायचं. माझं तिथलं नाव कसाईबाई. त्यात खोटं काही नाही. खाली आमचं मटणाचं दुकान आहे, वर मी आणि आई राहतो. सकाळभर खाली तोडायचं, दुपारी दुकान बंद केलं की वर येऊन तोडायचं.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिथे तो वाघोबा. सावज जवळ आलं की त्याचं बोलणं शिकाऱ्याला ऐकू येतं, आणि हा गृहस्थ जीव मुठीत धरून पळतानाही बाकीच्यांना आईबहिणीवरून शिव्या देत होता, म्हणून आवाज ओळखला. माझा माइक कायम बंद, त्यामुळे मी कोण हे त्याला कळणार नव्हतं. मी त्याला शवागारात गाठलं. आधी एक पाय घेतला, थोडं सरपटू दिलं, मग दुसरा घेतला, मग मान. जन्माचं सार्थक झालं अगदी.

दुसऱ्या दिवशी धाकटी दुकानात आली. तिला एकटीला तो सोडत नाही. बाहेर गाडीवर बसून काचेतून बघत राहतो, आणि ती आमच्याशी जरा जास्त बोलली की घरी त्याची वसुली होते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं फळीला बांधलेली होती. मी ठोकळ्यावर बोकडाची मांडी घेतली आणि सत्तूर चालवायला लागले. सत्तूर पडत असला की काचेपलीकडे काही जात नाही, म्हणून ती मटणाकडे बघत, ओठ न हलवल्यासारखं करत बोलायची. काल खेळात कुण्या कसाईबाईने त्याला मारलं म्हणाली. तो हरला की हे असं होतं. हात कपाटाच्या दारात धरला आणि दार लावलं.

माझा सत्तूर थांबला. बाहेर त्याने मान वर केली.

आई गल्ल्यावरून शांतपणे म्हणाली, "तोड गं." मी पुन्हा तोडायला लागले. हाडाबरोबर ठोकळ्याच्याही ढलप्या उडाल्या.

त्या दिवसापासून मी त्याला मारणं बंद केलं. तुम्हाला सांगते, ज्याचा गळा धरावासा वाटतो त्याला स्वतःच्या हाताने फाटकापर्यंत पोचवायचं, याच्याइतकं घाण काम मी आतड्यांच्या बादल्या धुतानाही केलेलं नाही. कुऱ्हाड मुद्दाम भिंतीत घालायची. तो समोरच्या पलंगाखाली लपलाय हे दिसत असताना खुळ्यासारखं दुसऱ्या खोलीत शिरायचं. तो सुटला की फाटकातून मागे वळून हसायचा. कसाईबाई आपल्यावर भाळली म्हणाला एकदा सगळ्यांसमोर. मी दात खाऊन बसले. पण त्या आठवड्यात धाकटीच्या अंगावर नवीन डाग नव्हता.

त्या खेळात एक रीत आहे. कोंडीत सापडलेल्या सावजाने उठाबशा काढल्या तर त्याने जीवदान मागितलं असं धरतात. शिकाऱ्याच्या मनात असेल तर तो कुऱ्हाड जमिनीवर आपटतो, म्हणजे जा बाबा. वाघोबा कधी शिकारी झाला तर लोकांना मनसोक्त उठाबशा काढायला लावायचा, खदाखदा हसायचा आणि मग तोडायचाच. मला वाटायचं ही खोड खेळातली. धाकटीने सांगितलं की घरीही तेच. भाजीत मीठ जास्त पडलं, आईचा फोन येऊन गेला, काहीही झालं की कान धरून उठाबशा, आणि हा खुर्चीत बसून बघणार. दमून खाली पडली की मग हात उचलणार. पोलिसांत तक्रार एकदा करून झाली होती. तिथल्या साहेबांनी दोघांना समजावलं आणि एकाच गाडीवर घरी पाठवलं.

तो कामावर गेला की घराला बाहेरून कुलूप. तो घरी असला की दाराला नुसती कडी, पण समोर तो. तिचे सगळे कागद त्याच्या खुर्चीमागच्या कपाटात. म्हणजे बाहेर पडायला एकच वेळ होती, त्याच्या कानावर हेडफोन असतानाची. आणि खेळात तो मेला की पहिल्यांदा हेडफोनच काढायचा.

पुढच्या खेपेला मी तिला सत्तुराच्या आवाजात सांगितलं की कसाईबाई कोण आहे. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे वर बघितलं. मग म्हणाली, "ताई, त्याला मरू देऊ नकोस. सुटूही देऊ नकोस."

त्याच्या सुट्टीच्या दुपारी त्यानेच कसाईबाईला खेळायला बोलावलं. हरणारी शिकारीण कोणाला नको असते? त्यातून तो कित्येक दिवसांत एकदाही मेला नव्हता आणि त्याचा टेंभा मिरवत होता. खेळ अर्ध्यात सोडला तर मेला असं धरतात, त्यामुळे तो उठणार नाही याची मला खात्री होती. आई दुकानाची व्हॅन घेऊन त्यांच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली.

बाकीच्या तिघांना मी आधी उरकलं, कारण चौघे मिळून दिवे पटापट लावतात. पहिल्याला जिन्यावर खांद्यापासून कंबरेपर्यंत चिरला. दुसरी ऑपरेशनच्या टेबलाखाली होती, तिला केसांना धरून ओढली आणि टेबलावरच तोडली. तिसऱ्याने वाघोबाला हाका मारल्या. वाघोबाने आतून दार लावून घेतलं. तो तिसरा दारावर हात आपटत असताना मी त्याचे हात घेतले, मग डोकं. भिंतीवर रक्ताचा फवारा उडाला आणि आम्ही दोघंच उरलो.

मग मी त्याला खेळवलं. दिवा लावायला गेला की हुसकावायचं, पळाला की मागे धावायचं, जवळ पोचले की घाव चुकवायचा. तो धापा टाकत हसत होता. तेवढ्यात त्याच्या माइकमधून मला कपाटाच्या बिजागरीची करकर ऐकू आली. ज्याच्या दारात तिची बोटं चेंगरली तेच ते कपाट.

त्यालाही जाणवलं काहीतरी. म्हणाला, "काय खुडबुड चाललीये मागे?"

कुऱ्हाड फिरवली ती थेट त्याच्या पाठीत. खेळातला वाघोबा गुरासारखा ओरडला, हेडफोनमध्ये कान फाटले असतील. पुन्हा घातली, मांडीवर. आता त्याच्यात एका घावाचा जीव उरला होता आणि तो रक्ताची रेघ काढत सरपटायला लागला. मागे वळून बघायची त्याची शुद्ध गेली. शिव्या, धाप, बटणांची खडखड, आणि त्या सगळ्याखाली कडी सरकल्याचा आवाज.

आईचा मिस्ड कॉल आला, म्हणजे धाकटी व्हॅनमध्ये बसली होती.

तरी ती आमच्याकडे वर आल्याशिवाय मी त्याला सोडणार नव्हते. रेटत रेटत त्याला शवागारात नेलं आणि दारात कुऱ्हाड उगारून उभी राहिले. तो भिंतीला टेकला आणि त्याने उठाबशा काढायला सुरुवात केली. "ए कसाईबाई, सोड ना. रोज सोडतेस की. तुझ्या पाया पडतो, सोड." आवाज असा गोड की आमच्या आईकडे धाकटीला मागणी घालायला आला होता तेव्हा होता तसा. बोट बटणावर होतं माझं. किती वळवळलं ते बोट, काय सांगू.

जिन्यात चपला वाजल्या. धाकटी आत आली, छातीशी कागदांची पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मागून आईने दाराला आतून कडी घातली. धाकटी पडद्यासमोर उभी राहिली. तो उठत होता, बसत होता, गयावया करत होता.

मी खेळाचा रिमोट तिच्या हातात दिला. म्हटलं, घे, तूच तोड. नाहीतर आपट जमिनीवर आणि दे सोडून, तुझी मर्जी.

तिने तो बांधलेल्या बोटांनी अलगद टेबलावर ठेवला.

"काढू दे त्याला," ती म्हणाली. "मला भूक लागलीये, वाढ."

मी ताट केलं. ती पडद्याकडे तोंड करून बसली आणि डाव्या हाताने सावकाश जेवली. त्याचं चालूच होतं, तिकडे मोकळ्या घरात, उघड्या दाराकडे पाठ करून. मी तिला आणखी वाढलं.