तीन डोक्यांची चाल

"मधलं डोकं कापून टाकू," काका म्हणाले. "राक्षस काय, दोन डोक्यांचाही चालतो. वेळ पडली की भागवावं लागतं."

त्यांचा थोरला भाऊ, दादा, वारला तरी प्रयोग थांबवायचे नाहीत, हे काकांनीच ठरवलं होतं. नाटक मंडळीच्या मागच्या खोलीत तो राक्षस भिंतीला टेकून उभा होता. वेताच्या सांगाड्यावर कापडाचं एकच अंग, आत तिघांपुरती जागा. डावं डोकं काकांचं, उजवं बुटक्याचं, मधलं दादाचं, म्हणजे दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या बाबांचं.

"मधलं मी चालवते," ती म्हणाली.

"खेळणं आहे का ते, पोरी? संध्याकाळी प्रयोग आहे. दुपारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर कापलं."

"ये गं ताई," बुटक्या म्हणाला. "पडलीस तर माझ्या अंगावर पड. मऊ आहे."

आत अंधार होता, डिंकाचा आणि घामाचा वास होता. डाव्या डोक्याला डावीकडचं दिसे, उजव्याला उजवीकडचं. मधल्याला डोळेच नव्हते. बोलायचं नाही, हा नियम. प्रेक्षकांना ऐकू जातं. मग राक्षसाचं ठरवतं कोण? कुणीच नाही. समोर खांब आला की काकांचा खांदा ताठ होई, ते मधल्याला कळे आणि मधला ते बुटक्याकडे पोचवी. बुटक्याला पटलं नाही तर तोही ढोसे. दोघांची ओढाताण मधल्याने सोसायची आणि त्यातूनच एक पाऊल काढायचं.

पहिल्याच वळणावर तिघं आडवे झाले. दुसऱ्या वेळी सांगाड्याचा एक वेत मोडला.

"तुझं चुकत नाहीये," काका बाहेर येऊन धापा टाकत म्हणाले. "आमचेच पाय अडतात. दादाच्या गुडघ्यासाठी."

"कुठल्या गुडघ्यासाठी?"

काका मोडलेला वेत सुतळीने बांधू लागले.

"उजव्या," बुटक्या म्हणाला. "पार कामातून गेला होता. तो पाय टाकायच्या आधी आम्ही त्यांना दोन्हीकडून उचलायचो. लोक म्हणायचे, काय भयानक चाल बसवलीय!"

घरी बाबांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "मला काय धाड भरलीय?"

"थोडं लंगड," काका म्हणाले. "लगेच जमेल."

तिघं पुन्हा आत शिरले आणि ती लंगडली. दोन्हीकडचे खांदे तिच्या काखांखाली शिरले आणि त्यांनी तिला अलगद उचललं. तान्ह्या मुलाला उचलावं तसं. दुखणं केवढं होतं, ते तिला त्या उचलण्यावरून कळलं. खोलीच्या टोकाला पोचेपर्यंत तिने ओठ दातांखाली धरून ठेवला.

"जमलं की!" बुटक्या ओरडला.

"नाही. मला उचलू नका. सरळ चालू."

"अगं, मग आम्हाला ती सवय विसरावी लागेल," काका म्हणाले.

"विसरा."

तिघं पुन्हा चालू लागले. एकाआड एक पावलाला दोन्ही खांदे वर यायला बघत आणि मधेच आवरत. बऱ्याच फेऱ्यांनंतर तेही थांबलं. राक्षस सरळ चालू लागला, बाजाराला निघालेल्या माणसासारखा. कुणाला त्याची भीती वाटली नसती.

मग डावीकडचा, काकांचा खांदा थरथरू लागला. खांब आला असेल म्हणून ती थबकली. खांब नव्हता. थरथर तिच्यातून पलीकडे गेली आणि बुटक्याचाही श्वास अडकला. त्यातलं रडू कुणाचं किती, हे आत कुणालाच सांगता आलं नसतं.

"चला, काका," ती नियम मोडून म्हणाली.

बऱ्याच वेळाने राक्षसाने पाऊल उचललं.