आबांच्या मांडीवरचा डबा

"भूमिकाताई, बकऱ्याचं दिल काढून बर्फात ठेवलंय. या पटकन!"

फोन कानाला लावून आबा तसेच बसून राहिले. लेकीचा फोन चार्जिंगलाच राहिला होता, वाजला म्हणून यांनी उचलला. आवाज इतका मोठा की शेजारी मलाही सगळं ऐकू आलं.

आबा म्हणजे माझे यजमान, जीवराम. यांचं हृदय कमजोर, म्हणून तपासणीला आम्ही पारोळ्याहून धुळ्याला लेकीच्या खोलीवर आलो होतो. गळ्यात माळ, मांस शिवलेल्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि आमची भूमिका अय्युबभाईंच्या मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय नेऊन त्यावर पीएचडी करतेय! मला ठाऊक होतं, यांना नव्हतं. नेमके आजच बाहेरगावचे परीक्षक तिचा प्रयोग बघायला येणार होते.

मी फोन हिसकावला. "अय्युबभाई, ती कॉलेजात गेलीय हो, फोन इथंच राहिला."

"मग कोणाला तरी पाठवा, अक्का. तासाभरात पोचलं नाही तर नुसतं मटण झालं समजा. ताईच सांगतात."

मी चपला शोधू लागले, तर आबांनी टोपी घातली.

"तुमी कथा?" हे कुठं निघाले ते मला कळेना.

"तुले रस्ता तरी माहीत शे का? चाल."

अय्युबभाईंनी दिलेला बर्फाचा डबा आबांनीच घेतला, रिक्षातही तो त्यांच्याच मांडीवर. "द्या माझ्याकडे," मी म्हटलं. दिला नाही, दोन्ही हातांनी धरून ठेवला. आता लेकीला घरी बसवतात की काय, देव जाणे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बापाच्या हातात डबा बघून पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "आबा..."

"आधी तुनं काम कर."

तिच्या सरांनी आम्हांला कोपऱ्यात बसू दिलं. भूमिकानं काचेच्या नळीत, मिठाच्या पाण्यात, हृदयाची दोऱ्याएवढी पट्टी टांगली. विजेचा बारीक झटका दिला की पट्टी आखडे आणि पडद्यावर रेघ उठे. मग तिनं औषधाचा थेंब सोडला. हळूहळू रेघ उंच उंच होत गेली. परीक्षकांनी मान डोलावली.

"हाई जित्तं शे का?" आबा पुटपुटले.

"अजून आहे, आबा. पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. बाहेरून औषध लागलं की त्यातल्या चरबीचे कण तुटतात आणि आत निरोप जातो, जोरात आखड म्हणून."

"चरबी? डॉक्टर तर म्हनस, चरबी सोड!"

"ती ताटातली हो! ही सोडली तर पेशीच उरायची नाही."

परीक्षकही हसले. आबा मात्र हसले नाहीत. "मनं हृदय ऐकस का हाऊ निरोप?"

"कमी ऐकतं. का कमी, तेच शोधतेय."

"मंग मी बरा व्हसू?"

"यानं नाही, आबा. तुम्हांला खोटं कशाला सांगू? पण पुढं कोणीतरी होईल."

आबा पुन्हा त्या रेघेकडे वळले. मला पोरीचा अभिमान वाटत होता आणि हे काय म्हणतील याची भीतीही.

परीक्षक गेल्यावर भूमिका साबणानं हात धूत होती, धूतच होती. मी बाहेरच्या माठातून आबांसाठी पेला भरला.

"तू नको," ते म्हणाले. "मनी पोर पानी दी."

"आबा, माझे हात..."

"धुयात ना? मंग दे."

पोरीनं इतक्या घाईनं पेला पुढं केला की अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. उरलेलं आबा सावकाश प्यायले आणि रिकामा पेला पुन्हा तिच्यापुढं धरला.